बोहेमिया कुठे आहे? आधी सांगा, कोणत्या भाषेत विचारताय

छत्रपती संभाजीनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमानांना नोकरीनिमित्त वर्षभर चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लाव या गावी राहायचं आहे. ताई आणि नववीतली मुलगीही बरोबर जाणार. गाव बोहेमियात आहे असं मुलीने कुठेतरी वाचलं, म्हणून नकाशा उघडला, तर त्यात बोहेमिया नावाचं काहीच नाही. आणखी शोधलं तेव्हा बोहेमियन झगे निघाले, बोहेमियन काचसामान निघालं, आणि ‘बोहेमिया म्हणजे जिप्सींचा मुलुख’ असं कुणीतरी ठामपणे लिहिलेलं सापडलं. ताई विचारतात: हा प्रदेश खरा आहे का? खरा असेल तर नेमका कुठे? आणि तिथल्या दंतकथा ऐकायला मिळतात, त्यांत तथ्य किती?

मी १८ वर्षं प्रागमध्ये गाइडचं काम करते. मराठी मंडळींना जसं फिरवते तसं इतरांनाही. हा प्रश्न मला दर मोसमात कुणी ना कुणी विचारतं, आणि सुरुवातीच्या काळात मी त्याचं उत्तर चुकीचं देत असे. ‘चेक प्रजासत्ताकाचं जुनं नाव बोहेमिया’ एवढं सांगून मी पुढे चालू लागायचे. एकदा ब्रनो शहरात उभी राहून मी हेच वाक्य बोलले. आमचे बसचालक तिथलेच, वयस्क, अबोल गृहस्थ. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, ‘बाई, हा मोराव्हिया. इथे बोहेमिया म्हणू नका.’ त्यांचा दुखावलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून हे उत्तर मी नीट, सावकाश देते.

ताई, मला वाटतं तुमची अडचण नकाशाची नाही, नावाची आहे. इथे एकाच जमिनीला वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळी नावं आहेत, एका नावाचे दोन-तीन अर्थ आहेत, आणि ज्यांना आपण दंतकथा म्हणतो त्यांतल्या बऱ्याचशा ‘हे नाव कसं पडलं’ याच प्रश्नाची उत्तरं आहेत. नावाचा गुंता सुटला की ठिकाणही सापडतं आणि गोष्टींतलं खरंखोटंही बरंचसं कळतं.

आधी ठिकाण. कडा उचललेली एक मोठी परात डोळ्यांसमोर आणा. नैऋत्येला शुमावाचं जंगल, वायव्येला क्रुश्ने होरी म्हणजे खनिजांचे डोंगर, ईशान्येला कर्कोनोशे. १,६०३ मीटर उंचीचं स्न्येझ्का हे देशातलं सर्वांत उंच शिखर या कर्कोनोशेत आहे. आग्नेयेला ठसठशीत डोंगर नाही, नुसता उंचसखल माळ आहे. परातीच्या साधारण मध्यात प्राग. ही परात म्हणजे बोहेमिया. क्षेत्रफळ सुमारे ५२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग. उरलेल्यात पूर्वेकडचा मोराव्हिया आणि ईशान्येच्या टोकाला सायलेशियाचा लहानसा तुकडा. तुमचं म्लादा बोलेस्लाव प्रागच्या ईशान्येला सुमारे ६० किलोमीटरवर, म्हणजे परातीच्या अगदी आत.

तीन बाजूंना डोंगर असल्याने सीमा डोळ्यांना दिसते. आग्नेयेला ती दिसत नाही आणि गोंधळ तिथेच होतो. तिथे मी एक साधी खूण वापरते: पाणी कुठे जातं ते बघायचं. बोहेमियातलं जवळजवळ सगळं पाणी व्लतावा आणि लाबे या नद्यांत येतं, म्येल्निक गावापाशी दोघींचा संगम होतो, आणि लाबे उत्तरेच्या एका घळीतून जर्मनीत शिरून एल्ब या नावाने उत्तर समुद्राला मिळते. मोराव्हियातलं पाणी मोरावा नदीतून डॅन्यूबला आणि तिथून काळ्या समुद्राला जातं. जुनी सीमा ढोबळमानाने या जलविभाजकावरून जाते. घाटमाथ्यावर उभं राहून ‘इकडचं पाणी कोकणात, तिकडचं देशावर’ असं म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना ही खूण लगेच पटते.

मग नकाशात नाव का नाही? कारण आज बोहेमिया हा प्रशासकीय विभागच नाही. आधी तो सरदारांचा प्रांत होता. १२१२ साली, पुढे पवित्र रोमन सम्राट झालेल्या दुसऱ्या फ्रेडरिकच्या सनदेने त्याच्या राजांचा वंशपरंपरागत राजेपणा मान्य झाला. १५२६ पासून राजमुकुट ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला, १९१८ साली चेकोस्लोव्हाकिया झाला, आणि त्यातही बोहेमिया हा एक प्रांत म्हणून टिकून होता. १९४९ साली प्रांत मोडून जिल्ह्यांसारखे ‘क्राय’ पाडले गेले. आजचे १४ विभाग जुन्या सीमा सगळीकडे पाळत नाहीत. विसोचिना नावाचा विभाग तर अर्धा बोहेमियात, अर्धा मोराव्हियात पडतो. त्यामुळे व्हिसाच्या अर्जावर, शाळेच्या फॉर्मवर, पत्त्यात बोहेमिया लिहू नका. तिथे देश म्हणून चेक प्रजासत्ताकच लिहायचं. पण हवामानाच्या बातम्यांत, जेवणाच्या टेबलावर, फुटबॉलच्या वादात हा प्रदेश रोज जिवंत असतो.

तो नकाशातही आहे बरं का, फक्त विशेषणात लपलेला. इथे नावांकडे वळू या.

चेक माणूस बोहेमियाला बोहेमिया म्हणत नाही. तो म्हणतो चेखी. संपूर्ण देशाला म्हणतो चेस्को. आणि दोन्हींचं विशेषण एकच: चेस्की. म्हणजे ‘चेस्की’ शब्द दिसला की त्याचा अर्थ ‘चेक देशाचा’ असेल किंवा ‘बोहेमियाचा’ असेल, आणि ते संदर्भावरून ओळखावं लागतं. चेक भाषेत हा फरक विशेषणाने करता येत नाही, म्हणून तर आमचे बसचालक दुखावले. ते भाषेने चेक, नागरिकत्वाने चेक, पण बोहेमियाचे नव्हेत.

गावांच्या नावांत मात्र ‘चेस्की’चा अर्थ सहसा बोहेमियाचा असाच असतो. सगळे पर्यटक ज्या गावी जातात ते चेस्की क्रुमलोव्ह हे नाव असं का? कारण मोराव्हियात मोराव्हस्की क्रुमलोव्ह नावाचं दुसरं गाव आहे. चेस्के बुद्येयोवित्से आहे, तसं मोराव्हस्के बुद्येयोवित्सेही आहे. चेस्का त्र्झेबोवा आणि मोराव्हस्का त्र्झेबोवा यांची तीच गत. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द लावून दोन गावं वेगळी करतात तसंच हे. तुमच्या मुलीला सांगा, नकाशात ‘चेस्की’, ‘चेस्का’, ‘चेस्के’ शोध आणि त्यांवर पेन्सिलीने टिंब दे. बोहेमियाचा आकार आपोआप उमटायला लागेल. म्लादा बोलेस्लाव ज्या विभागात आहे त्याच्या नावाचा अर्थसुद्धा ‘मध्य बोहेमिया’ असाच होतो.

आता ‘बोहेमिया’ हा शब्द. तो चेक लोकांचा नाही, त्यांच्याही आधी इथे राहिलेल्या लोकांचा आहे. बोई नावाची एक केल्टिक जमात ख्रिस्तपूर्व काळात या भागात होती. रोमन लेखक टॅसिटस इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहितो, की बोई निघून गेले, दुसरे लोक राहायला आले, तरी जागेला त्यांचं नाव चिकटून राहिलं आहे. लॅटिनमधलं बोइओहेमुम म्हणजे ‘बोईंचं घर’. त्यातला ‘हेम’ आणि जर्मनमधला घर या अर्थाचा ‘हाइम’ एकाच मुळातले. त्यातूनच जर्मनांचं ब्योमेन आणि युरोपभर पसरलेलं बोहेमिया आलं. स्लाव्ह लोक, म्हणजे चेकांचे पूर्वज, इथे आले सहाव्या शतकात, म्हणजे टॅसिटसनंतर साडेचारशे वर्षांनी. जगाने त्यांना आधीच्या भाडेकरूच्या नावाने हाक मारली. ते स्वतःला चेखच म्हणत राहिले.

आणि जिप्सींचा मुलुख? ही चूक फ्रान्समध्ये झाली. पंधराव्या शतकात रोमा लोकांच्या, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटलं जातं त्यांच्या, टोळ्या पश्चिम युरोपात पोचल्या तेव्हा त्यांच्यातल्या काहींकडे झिगिस्मुंड राजाची संरक्षणपत्रं होती. हा राजा हंगेरीचा आणि बोहेमियाचाही. फ्रेंचांनी समजूत करून घेतली की हे लोक बोहेमियाहून आले, आणि रोमांना ‘बोएमियाँ’ म्हणू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या फाटक्या खिशाच्या चित्रकारांना, कवींना तेच नाव मिळालं, कारण त्यांचं जगणंही लोकांना तसंच बेघर, बेबंद वाटे. त्या कलावंतांच्या नावावरून पुढे कपड्यांची फॅशन आली. तर तुमच्या मुलीला दिसलेल्या झग्याचा बोहेमियाच्या शिवणकामाशी काही संबंध नाही. काचसामानाचा मात्र आहे. उत्तर बोहेमियातली काच खरोखरच जगप्रसिद्ध आहे, आणि याब्लोनेत्स गावातल्या काचेच्या बांगड्या एके काळी जहाजांनी थेट भारताच्या बाजारात येत असत. तिथल्या काच आणि दागिन्यांच्या संग्रहालयात मुलीला अवश्य न्या. म्लादा बोलेस्लावहून ते लांब नाही.

रोमांबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण मराठी माणसासाठी ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत जवळची गोष्ट आहे. रोमानी ही भारतीय आर्यकुळातली भाषा आहे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. एकदा प्रागच्या एका बागेत बाकावर बसलेल्या रोमा आजींशी मी आकडे मोजत बसले होते. एकाला येख, दोनला दुय, तीनला त्रिन, चारला श्तार, पाचला पांज. पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाख, माणसाला मानुश, काळ्याला कालो. सूर्याला त्या ‘खाम’ म्हणाल्या. आपला ‘घाम’ आणि त्यांचा ‘खाम’ एकाच संस्कृत ‘घर्म’ शब्दाची लेकरं. त्यांच्या वाटेला ऊन आलं, आपल्या वाटेला उन्हाचा परिणाम. सात, आठ, नऊ मात्र आपले नाहीत, ते ग्रीकमधून आले, कारण ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाइन मुलुखात त्यांच्या पिढ्या गेल्या. अंक मोजता मोजता प्रवासाची वाट कळते.

म्हणून कुणी हलकेपणाने ‘जिप्सींचा मुलुख’ म्हटलं की मला सोडवत नाही. ज्या बोहेमियाचं नाव रोमांना लावलं, त्या बोहेमियातली जुनी रोमा वस्ती दुसऱ्या महायुद्धात जवळपास संपवण्यात आली. दक्षिण बोहेमियातल्या लेटी गावाजवळच्या छावणीत १९४२-४३ मध्ये तेराशेच्या आसपास माणसं डांबली होती. तीनशेहून अधिक तिथेच गेली, पाचशेहून अधिक ऑश्विट्झच्या नाझी छावणीत पाठवली गेली. पुढे त्या जागी कित्येक वर्षं डुकरांचा गोठा होता. तो हटवून २०२४ साली तिथे स्मारक खुलं झालं. नववीतल्या मुलीला हे दाखवावं की नाही हे तुम्ही ठरवा. मी माझ्या गटांना, मुलं बरोबर असली तरी, त्या वाटेने जात असू तेव्हा तिथे थांबवते.

इथवर आलेलं एका दमात सांगायचं तर: जागा म्हणजे लाबे-व्लतावेचं खोरं, चेक नाव चेखी, परकं नाव बोईंवरून, आणि ‘बोहेमियन’चा जिप्सी-कलावंत हा अर्थ फ्रेंचांच्या गैरसमजातून. आता गोष्टी.

बोहेमियाच्या जुन्या गोष्टींचा पहिला मोठा लेखक म्हणजे कोस्मास. प्रागच्या कॅथीड्रलमधला धर्माधिकारी. बाराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत, म्हातारपणी, त्याने लॅटिनमध्ये बोहेमियाचा वृत्तान्त लिहिला. ११२५ साली तो वारला. पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला एक पद्यवृत्तान्त चेक भाषेत झाला. त्याला दालिमिलचा म्हणतात. कुणीही इथली दंतकथा सांगितली की मी मनातल्या मनात विचारते: ही कोस्मासमध्ये आहे, दालिमिलमध्ये आहे, की एकोणिसाव्या शतकातली? एवढ्या एका सवयीने बरंच धुकं निवळतं.

पहिली गोष्ट आद्यपुरुषाची. लोक भटकत भटकत येतात, त्यांचा म्होरक्या र्झिप नावाच्या एकट्या डोंगरावर चढतो, खालची सुपीक भूमी पाहतो आणि म्हणतो, हीच ती. लोक म्हणतात, मग हिला तुझंच नाव देऊ. आज शाळेत शिकवतात की त्या म्होरक्याचं नाव चेख, म्हणून देश चेखी. पण कोस्मास उघडला तर म्होरक्याचं नाव निघतं बोएमुस, आणि म्हणून देश बोएमिया! दालिमिल चेकमध्ये लिहितो तेव्हा तोच माणूस चेख होतो. डोंगर तोच, प्रसंग तोच, भाषा बदलली की माणसाचं नाव बदलतं. आणि बोहेमिया हे नाव तर कोस्मासच्या आधी हजार वर्षं टॅसिटसच्या लिखाणात आहे. म्हणजे देशाला माणसाचं नाव मिळालेलं नाही, माणूसच देशाच्या नावातून जन्मला. मी हे पहिल्यांदा दोन्ही वृत्तान्त शेजारी ठेवून वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता, आणि दर वेळी सांगताना तो पुन्हा होतो.

यामुळे र्झिप खोटा ठरतो का? मुळीच नाही. जेमतेम साडेचारशे मीटरचा, जुन्या ज्वालामुखीचा हा डोंगर सपाट शेतांमधून पालथ्या वाटीसारखा वर आलेला आहे. त्याच्या दगडात लोहचुंबकाचा अंश आहे, माथ्याजवळ होकायंत्र भरकटतं. वर बाराव्या शतकातलं सेंट जॉर्जचं गोल, दगडी देऊळ आहे. १८६८ साली प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाची पायाभरणी झाली तेव्हा देशभरातून दगड आणले, त्यांत र्झिपचाही होता. चेख नावाचा माणूस झाला असो वा नसो, दीडशे वर्षांपूर्वी आपली भाषा जर्मनच्या ओझ्याखालून वर काढू पाहणाऱ्या लोकांनी त्या डोंगराचा दगड पायात घातला, हा इतिहास आहे.

दुसरी गोष्ट लिबुशेची, आणि माझी सर्वांत आवडती. क्रोक नावाच्या न्यायनिवाडा करणाऱ्या शहाण्याला तीन मुली. काझीला औषधी वनस्पतींचं ज्ञान, तेताला देवकार्याचं, आणि धाकट्या लिबुशेला पुढचं दिसे. बापामागे लिबुशे निवाडा करू लागली. दोन शेजाऱ्यांचा शेताच्या बांधावरून तंटा आला. बांधावरून! हे ऐकून माझे मराठी पाहुणे हमखास मान डोलावतात. निकाल विरुद्ध गेला तो चिडून ओरडला, बायकांचे केस लांब पण बुद्धी आखूड. कोस्मासच्या लॅटिनमध्ये हे वाक्य जसंच्या तसं आहे. लिबुशे हसून म्हणाली, तुम्हाला पुरुष राजा हवा ना, देते. पण आधी बजावलं: राजा बसवणं सोपं, बसलेला उतरवणं कठीण. तो तुमची मुलं चाकरीला घेईल, तुमची गुरं नेईल.

मग तिने आपला घोडा पुढे सोडून लोकांना त्याच्यामागे जायला सांगितलं. घोडा बिलिना नदीकाठच्या स्तादित्से गावी, दोन बैलांनी नांगरणाऱ्या प्शेमिस्लपाशी थांबला. त्याने बैल सोडले, ते अदृश्य झाले. हातातली हेझलची काठी जमिनीत रोवली, तिला तीन फांद्या फुटल्या. दोन वाळल्या, एक वाढली. निघताना त्याने झाडाच्या सालीची पायताणं बरोबर घेतली, कारण पुढच्या राजांनी आपण कुठून आलो हे विसरू नये. कोस्मास लिहितो की ती पायताणं त्याच्या काळात प्रागमधल्या विशेह्रादच्या किल्ल्यावर ठेवलेली होती. चौदाव्या शतकात चौथ्या चार्ल्सने रीत घातली, की राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी भावी राजाने विशेह्रादला जावं आणि ती पायताणं व झोळी पाहावी. स्वतः सम्राट होणारा माणूस अशी रीत घालतो, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

खरं किती? प्शेमिस्लच्या नावाचं घराणं पूर्ण खरं. त्याचा पहिला पुराव्याने माहीत असलेला पुरुष बोर्झिवोय, नवव्या शतकाच्या अखेरचा. पुरुषवंश १३०६ साली तिसऱ्या वात्स्लावच्या खुनाने संपला. नांगऱ्याची कथाही कोस्मासच्या काळात राजघराण्याला मान्य होती असं दिसतं: मोराव्हियातल्या झ्नोयमोच्या गोल देवळात ११३४ सालची भित्तिचित्रं आहेत आणि त्यांत नांगराचा प्रसंग रंगवलेला आहे. लिबुशेचा मात्र कथेबाहेर पुरावा नाही. विशेह्राद प्रागच्या किल्ल्याहून जुना, ही समजूतही उत्खननात टिकली नाही. तिथली तटबंदी दहाव्या शतकातली, प्रागचा किल्ला त्याच्या आधीचा. तरी संध्याकाळी विशेह्रादच्या तटावर उभं राहून खाली व्लतावा पाहताना, ‘मला एक नगर दिसतं, त्याची कीर्ती ताऱ्यांना भिडेल’ हे तिचं भविष्य मी सांगतेच. तिने म्हणे दाराचा उंबरा तासणारा माणूस दाखवला. उंबऱ्याला चेकमध्ये ‘प्राह’, म्हणून शहर ‘प्राहा’. अभ्यासकांना नदीतले खडकाळ उतार किंवा जाळून मोकळी केलेली जागा ही मुळं जास्त पटतात. पुन्हा तेच: नाव आधी, गोष्ट नंतर.

लिबुशेनंतरच्या मुलींच्या युद्धाची कथा गोष्ट कशी फुगते हे बघायला उत्तम. कोस्मासमध्ये ती अर्धं पानभर, जवळपास खेळकर: मुली एक गड बांधतात, मुलगे दुसरा, तह होतो, मेजवानी होते, आणि रात्री मुलगे मुलींना पळवून नेतात. दोनशे वर्षांनी दालिमिलमध्ये तिचं रक्तरंजित युद्ध होतं. व्लास्ता सेनापती, झाडाला बांधलेली शार्का, तिच्या जाळ्यात सापडलेला त्स्तिराद, त्याला चाकावर दिलेला मृत्यू. प्रागच्या कडेला दिवोका शार्का नावाची खडकाळ दरी आहे, ट्रामने जाता येतं. मुलीला तिथे ही गोष्ट सांगा, पण दोन्ही रूपांत.

गोलेम या मातीच्या माणसाबद्दल थोडक्यात. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, लेव हे खरे विद्वान, १६०९ साली वारले, त्यांची कबर प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीत आहे. गोलेम त्यांनी घडवला ही कथा मात्र छापील स्वरूपात एकोणिसाव्या शतकात दिसू लागते. पर्यटकांच्या दुकानांत ती सर्वांत जास्त विकली जाते, म्हणून तीच सर्वांत जुनी वाटते.

कर्कोनोशेच्या डोंगरदेवाची गोष्ट लहान मुलांना फार आवडते. चेक त्याला क्राकोनोश म्हणतात, जर्मन रूबेत्साल. १५६१ सालच्या सायलेशियाच्या नकाशावर शेपटीवाला, शिंगांचा असा त्याचा चित्रातला पुरावाच आहे. जर्मन नावाची फोड लोक ‘सलगम मोजणारा’ अशी करतात आणि त्यावर गोष्ट रचतात: त्याने पळवून आणलेली राजकन्या म्हणते, लग्न करेन, पण आधी शेतातले सलगम मोजून ये. तो मोजतो, चुकतो, पुन्हा मोजतो, तोवर ती पळते. या नावाने हाक मारली की तो चिडतो आणि वादळ आणतो, असं डोंगरातले लोक सांगतात.

शेवटी तुमच्या गावाकडे येते, कारण हा धागा तुमच्या दाराशी संपतो. म्लादा बोलेस्लाव म्हणजे तरुण बोलेस्लाव. जवळच, प्रागकडे जाताना, स्तारा बोलेस्लाव म्हणजे म्हातारा, जुना बोलेस्लाव आहे. दहाव्या शतकात बोहेमियाचा अधिपती वात्स्लाव आपला भाऊ बोलेस्लाव याच्या या जुन्या गावी पाहुणा म्हणून आला आणि २८ सप्टेंबरला सकाळी प्रार्थनेला जाताना चर्चच्या दाराशी भावाच्या माणसांनी त्याला मारलं. वर्ष ९३५ बहुतेक जण धरतात, काही अभ्यासक ९२९. मारणारा भाऊ अधिपती झाला, मेलेला संत. तोच संत वात्स्लाव देशाचा पालक मानला जातो. २८ सप्टेंबरला आजही सुट्टी असते. मारेकऱ्याचा मुलगा दुसरा बोलेस्लाव. तुमचं ‘तरुण’ गाव त्याच्या नावाचं. आणि ब्लानिक डोंगराच्या पोटात झोपलेले घोडेस्वार, देशावर अगदी वाईट वेळ आली की या वात्स्लावच्या मागे बाहेर पडतील, असं लोक सांगत आले.

तिथल्या स्कोडा मोटारींच्या कारखान्याची सुरुवात १८९५ ची, आणि त्याच नावाच्या गाड्या २००१ पासून तुमच्या शेंद्र्यात जुळवल्या जातात, हे तुमच्या यजमानांना माझ्याहून जास्त ठाऊक असेल.

किती बघायला जमेल हे मोसमावर, मुलीच्या शाळेवर आणि तुमच्या पायांवर अवलंबून आहे. हिवाळ्यात चार वाजता अंधारतं, त्यामुळे डोंगर एप्रिलनंतर ठेवा. सप्टेंबरात पोचणार असाल तर पहिली फेरी २८ तारखेला स्तारा बोलेस्लावची करा. त्या दिवशी तिथे यात्रा भरते आणि गाव माणसांनी फुललेलं असतं. वसंतात र्झिप, पायथ्यापासून अर्ध्या तासाची चढण. मधल्या कुठल्याही रविवारी विशेह्राद. घराजवळ चेस्की राय नावाचा खडकांचा सुंदर प्रदेश आहेच. मुलीला विचारा, यातल्या ‘चेस्की’चा अर्थ कोणता. र्झिपवर चढताना होकायंत्र बरोबर असू द्या, आणि माथ्यावर पोचल्यावर तिला उत्तर शोधायला सांगा.